वळणावरचा हॉर्न
परवा अंधेरीच्या सिग्नलला तापलेल्या टायरचा वास आला आणि माझा पहिला ट्रॅक डे आठवला, म्हणजे रेसच्या बंद ट्रॅकवर आपली बाइक पळवायचा दिवस. आरशांना चिकटपट्टी लावलेली, समोर नुसता काळाभोर, रिकामा रस्ता. बाइक वळणात झुकली की जमीन हळूच खांद्यापाशी यायची आणि मी तरंगतेय असं वाटायचं. तरी प्रत्येक वळणावर माझा अंगठा हॉर्नवर. थांबले तर सोबत आलेली मैत्रीण हसून हसून लोळत होती. “अगं, समोरून कोण येणार होतं? हॉर्नची वायरच काढू का?” बाबा नुकतेच गेले होते. कोकणातल्या घाटात मला बाइक शिकवताना ते पुढे स्कूटरवर असायचे. म्हणायचे, “वळणावर हॉर्न दे गं, म्हणजे मला कळतं तू मागे आहेस.” मी मैत्रिणीला म्हटलं, “राहू दे ना, यार.” परवाही आमच्या गल्लीचं वळण मोकळंच होतं. तरी हॉर्न दिला.