परत फिरलेली सून

मार्च १९५७, दुसरा शनिवार, दुपारी चार. हजर: शेजारच्या मावशी, त्यांचा मुलगा, त्यांची सून आणि मी. गैरहजर: माझे यजमान, कारखान्यात दुसरी पाळी.

ही नोंद मी रविवारी आठवून केली (शेवट कैक वर्षांनी जोडला), कारण शनिवारी मावशींच्या घरात शाई चालत नसे. पहिल्या वाचनाला मी वही उघडली, तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, "पेन बाहेर, चपलांजवळ." मी ठेवून आले.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या; शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी लिहिणं, रांधणं बंद. मुलाच्या नोकरीमुळे बंगलोरला आलेल्या. आमच्या गल्लीत मराठी बोलणारी आमची दोनच घरं. बाकी सगळा व्यवहार 'स्वल्प' (थोडं) आणि 'सरी' (बरं) एवढ्या कानडीवर. त्यांच्याकडे हिब्रू धर्मग्रंथाचं जुनं मराठी भाषांतर होतं. ते आपण गोष्टी वाचतो तसं वाचू, असं मीच सुचवलं आणि तीन प्रश्न ठरवून दिले: कोण बोलतं, कोण गप्प राहतं, काय सांगायचं टाळलंय.

"वहिनी, देवाच्या पुस्तकाची परीक्षा घेताय?" मुलगा म्हणाला होता.

"घेऊ दे की," मावशी म्हणाल्या. "ते काही नापास व्हायचं नाही."

त्या शनिवारी फळीवर, पुस्तकाच्या शेजारी, इस्राएलला कायमचं जाण्याचा अर्ज होता. सोमवारी द्यायचा. दोन सह्या झालेल्या, मावशींची बाकी. मुलाने चार वेळा विचारलं होतं, चारही वेळा उत्तर एकच: "बघू." हे मला सुनेने नळावर सांगितलं. त्या दिवसाची गोष्टही तिनेच सुचवली होती. "सासूबरोबर परमुलखात निघालेल्या सुनेची ठेवा ना. आईंचं मन वळेल." मी यादीत ती लिहून टाकली. त्यात माझं काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही.

सून वाचू लागली. दुष्काळात परदेशी गेलेलं कुटुंब. तिथे नवरा आणि दोन्ही मुलगे वारतात. म्हातारी मायदेशी निघते आणि दोन्ही विधवा सुनांना म्हणते, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक रडून, मुका घेऊन परत फिरते. दुसरी हटत नाही. तू जाशील तिथे मी येणार, असं सांगते.  इथे वाचायचं थांबून मावशींच्या सुनेने सासूकडे पाहिलं. मावशी शुक्रवारी करून ठेवलेल्या घाऱ्या बशीत वाढत होत्या.

मी दुसरा प्रश्न काढला. कोण गप्प राहतं?

"सासू," मुलगा म्हणाला. "सून एवढं बोलते, ही उत्तरच देत नाही. मनातून खूश झाली असणार."

"असं लिहिलंय?" मावशींनी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"मग तू घालू नको." त्यांनी बशी खाली ठेवली. "आणि ती दुसरी? परत गेलेली? तिला कुठे नावं ठेवलीत, वाच."

सुनेने बोट ठेवून पान परत वाचलं. मग हळू म्हणाली, "एकही शब्द नाही, आई."

"लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, तिलाही घर होतं."

"आई, ही नुसती गोष्ट नाही, धर्मग्रंथ आहे," मुलगा म्हणाला. "आणि आपण तिकडे परतच चाललोय."

"तुझ्या बापाची कबर अलिबागला आहे. मी परत जायचं म्हणजे कुठे, ते मला शिकवू नको."

"सोमवारी अर्ज द्यायचाय."

"दे की. दोन सह्यांचा."

तो चपला घालून निघून गेला. सुनेने पुस्तक मिटलं आणि ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही.

मावशी मात्र गुणगुणू लागल्या. त्यांचे वडील धर्मग्रंथातल्या गोष्टींवर मराठीतून कीर्तन करत. या गोष्टीत परत फिरलेल्या सुनेच्या तोंडी त्यांनी स्वतः रचलेलं एक पद होतं. पेन बाहेर. मी म्हटलं, उद्या उतरवून घेते.

रविवारी गेले तर मुलगा आणि आई बोलत नव्हते आणि सुनेचे डोळे सुजलेले. गाणं मागायची ती वेळ नव्हती. पुढचे शनिवार सामान बांधण्यात गेले. मुलगा आणि सून जूनमध्ये बोटीने गेले, मावशी अलिबागला बहिणीकडे. पद पत्राने पाठवा, असं मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं, "पत्रात चाल येत नाही. तू ये. शनिवार सोडून."

यंदा त्यांची भाची लिहिते, मावशींना पद अजून आठवतं, पण मधली एक ओळ सुटते.

दर जानेवारीत राहिलेली कामं मी नव्या वहीत उतरवते. या वर्षी सातव्या ओळीवर आहे: अलिबागला जाणे, पद चालीसकट लिहून घेणे.