आक्कांनी गल्लीभर सांगितलं

आक्कांना हळू बोलता येतच नसे. कबनूरला यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांची कुजबुजसुद्धा शेजारच्या घरात ऐकू जायची. नवऱ्याला स्मृतिभ्रंश झाला होता. तो वारल्यावर त्या कळंब्याला लेकीकडे आल्या आणि असं विसरणारं माणूस घरात असलेल्या आम्हा सगळ्यांना दर रविवारी अंगणात जमवू लागल्या.

तिथं आजाऱ्याची चौकशी शेवटी. आधी आमची. "तू झोपलास काय? तोंड बघ जा आरशात," असं त्या मला दरडावून विचारायच्या. माझे वडील, अण्णा, 'तुझी आई कुठं आहे?' म्हणून मला विचारायचे. मी खरं सांगायचो, आई वारली. दर वेळी अण्णा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. एका रविवारी हे सांगितलं तशा आक्का कडाडल्या, "खरं बोलायची हौस तुझी, आन् रडायचं त्येंनी? आईला रोज नव्यानं कशाला मारतोस रं?"

अण्णा गणिताचे मास्तर. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली. त्या माणसाला आता पंधरा आणि सातची बेरीज येत नाही, हे मला गल्लीत कुणाला कळू द्यायचं नव्हतं. गुडघे धरलेत म्हणून बाहेर पडत नाहीत, असं मी सांगायचो.

एका सकाळी आक्का आल्या, अण्णांचा हात धरला आणि सलून, गिरणी, मेडिकल असं एकेक दार घेत निघाल्या. "हे मास्तर. आता त्येंच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. एकटं दिसलं तर बसवून घ्या, च्या पाजा, आन् ह्या पोराला फोन करा की!" धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. भर गल्लीत मी ओरडलो, "परत आमच्या दारात पाऊल टाकू नका." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मीही रविवारी जाणं सोडलं.

महिन्याभरात ते घडलंच. मी आंघोळीला गेलो आणि दाराची कडी लावायची राहिली. बाहेर येऊन बघतो तर अण्णा नाहीत. चपला घालायचंही भान राहिलं नाही. तेवढ्यात गिरणीवाल्याचा फोन आला. अण्णा तळ्याच्या वाटेला लागले होते. त्यानं त्यांना गिरणीत नेऊन स्टुलावर बसवलं होतं. मी पोचलो तेव्हा अण्णा त्याच्या लेकीची गणिताची वही तपासत होते. सगळ्यांसमोर मी हमसून हमसून रडलो.

संध्याकाळी आक्कांची माफी मागायला गेलो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"मीबी लपवलं हुतं. आमच्या मालकांना दमा हाय म्हणून सांगायची. एक दिस बाहेर पडलं. च्यावाल्यानं बघितलं, दुकानदारानं बघितलं. सगळ्यांनी रामराम केला आन् जाऊ दिलं. काय चुकलं त्येंचं? तिसऱ्या दिशी हिरीत घावलं."

गेल्या वर्षी आक्का वारल्या. रविवारी आता आम्हीच जमतो. नवीन आलेला कुणी म्हणाला, घरातलं घरातच राहू दे, तर मी वाद घालत नाही. मी त्याला ती विहीर सांगतो.