मार्लीनला दिलेलं इंटरनेट

मार्लीन कूतूर माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे पलीकडच्या उतारावरची. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक खोलगट भाग आहे, त्यात ओढा आहे आणि दोन्ही उतारांवर क्लोव्हिस बुशेची मेपलची झाडं आहेत; त्यांचा रस उकळून तो पाक करतो. व्हर्माँटच्या या टोकाला शेजार असाच असतो. मला लिहायची सवय नाही. पण मार्लीनबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

ती सव्वीस वर्षं जिल्हा कोर्टात स्टेनो होती. छोट्याशा यंत्रावर दहा बोटं एकदम दाबून ती माणसाच्या बोलण्याच्या वेगाने लिहायची. त्याची तिच्या हातांना इतकी सवय झाली की कुणी बोलू लागलं की तिची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप हलू लागत. आपण बोललेलं ही लिहून घेतेय, हे माझ्या लक्षात आलं तेव्हापासून मी तिच्यासमोर आणखीच कमी बोलू लागलो.

मग कोर्टाने आवाज टिपणारी यंत्रं बसवली आणि मार्लीनला घरी पाठवलं. त्याच हिवाळ्यात तिच्या आईला, जर्मेनला, अर्धांगाचा झटका आला. आईला एकटं सोडता येईना. घरबसल्या करण्यासारखं एकच काम मिळत होतं: ओहायोतल्या एका कॉलेजात नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, तिला ऐकू येत नव्हतं. वर्गात शिक्षक बोलतील ते मार्लीनने इथून ऐकायचं आणि त्याच क्षणी टाइप करायचं. मुलगी समोरच्या पडद्यावर वाचणार. जूनच्या सुरुवातीपर्यंत एक सत्र चाचणीचं. त्यात जोडणी तीनदा तुटली तर काम संपलं. काम संपलं तर घर विकून आईला घेऊन बहिणीकडे कनेक्टिकटला जायचं, हेही ठरलेलं होतं.

अडचण एवढीच की तिच्या घरी टेलिफोनच्या जुन्या तारेवरचं इंटरनेट होतं, त्यावर साधा फोटो उघडेपर्यंत चहा थंड व्हायचा. फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं वेगवान इंटरनेट, माझ्या फाटकापर्यंत आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. मी ते घेतलं होतं ते ऑरेगनला राहणाऱ्या मुलीच्या आग्रहाखातर. रविवारी पंधरा मिनिटं तिचा चेहरा बघायचा, बाकी आठवडाभर ते पडून असायचं.

मार्चच्या चिखलात मार्लीन चालत आली. गाडी खाली रुतली होती. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, म्हणून ती आत येईना.

"एल्डन, एक मागायला आलेय. नाही म्हणालात तरी चालेल."

"बोल की."

"तुमचं इंटरनेट. थोडं मला द्याल का?"

"घे," मी म्हणालो. आणि मग सुचेना म्हणून विचारलं, "कशातून नेणार?"

ती पहिल्यांदाच हसली. "बादलीतून नाही नेणार."

ती गेल्यावर मला घोर लागला. कंपनीला हे चालतं का? विचारल्याशिवाय दिलं आणि त्यांनी माझंच बंद केलं तर? फोन करायला मला आठ दिवस लागले. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं होतं. पलीकडची बाई म्हणाली, एक अर्ज भरा, शेजाऱ्याचं नाव घाला, चालेल. आठ दिवसांची झोप मी या एका वाक्यासाठी घालवली होती.

इंटरनेट हवेतून पलीकडे पाठवणाऱ्या, जेवणाच्या ताटाएवढ्या दोन डिश आल्या. एक माझ्या कोठाराच्या आढ्याखाली, दुसरी तिच्या धुराड्याला. दोन्हींनी एकमेकींकडे अगदी सरळ बघायला हवं. मी शिडीवर, मार्लीन तिच्या छपरावर, आणि खाली मधोमध क्लोव्हिस शिकारीचं भगवं जाकीट हलवत उभा.

"डावीकडे घे!" तो ओरडला. "अरे तुझ्या डावीकडे, माझ्या नाही! सत्तर वर्षं झाली, डावं-उजवं कळेना याला!"

उघड्या फांद्यांमधून मला मार्लीनचं धुराडं स्पष्ट दिसत होतं. डिश जुळल्या. वेग इतका आला की मार्लीनने फोनवर मला आकडा दोनदा वाचून दाखवला.

एप्रिल चांगला गेला. मी रोज सकाळी नऊला माझ्या इंटरनेटच्या खोक्यावरचा हिरवा दिवा बघायचो. तो हिरवा असला की मार्लीनचं काम चाललंय असं मी समजायचो.

वीस मे रोजी दहाच्या सुमाराला फोन वाजला.

"तुमच्याकडे काही झालं का?" तिचा आवाज दबलेला होता.

"दिवा हिरवा आहे."

"तुटलं. दोन मिनिटं. शिक्षिका औषधाचं प्रमाण सांगत होती, किती मिलिग्रॅम ते. पोरीच्या पडद्यावर कोरं गेलं." आणि ती म्हणाली, "ती नर्स होणार आहे, एल्डन."

मी खोकं पुसलं, वायर काढून परत लावली, दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुटलं. दिवा तरीही हिरवाच. आता आणखी एकदा तुटलं तर काम संपणार होतं आणि वर्ग अजून दोन आठवडे चालणार होते.

मी कोठारावर शिडी लावली. माझंच काहीतरी बिघडलं असणार असं मी धरून चाललो होतो. डिश जागच्या जागी होती. मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं, आणि धुराडं दिसेना. मेपलची पानं दिसत होती. दोन दिवसांच्या उबेने सगळी राई भरून आली होती. ओली, कोवळी, हिरवीगार.

आम्ही तिघंही इथेच जन्मलो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पानं येतात हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि तिघांनी मिळून मार्चमध्ये, निष्पर्ण झाडांमधून ती जोडणी जुळवली होती.

मी मार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या नऊला वर्ग आहे."

"माझ्या स्वयंपाकघरात येऊन बस."

"आणि आई?"

हे मी कसं बोललो मला माहीत नाही. "मी बसतो तिच्याजवळ."

असं ते सुरू झालं. साडेआठला मार्लीन यंत्र घेऊन माझ्याकडे, मी तिच्याकडे. जर्मेन माझ्याहून सात वर्षांनी मोठी, जीभ थोडी जड झालेली, पण धार तशीच.

"एल्डन, तू तासभर गप्प बसलायस."

"हो."

"तुझी बायको कशी राहिली रे तुझ्याबरोबर?"

"तीही बोलत नसे."

"मग मुलगी झाली कशी, हेच नवल आहे!" म्हणत ती इतकी हसली की मला तिला पाणी द्यावं लागलं.

पण हे चालणारं नव्हतं. मी नसलो, मला ताप आला, जर्मेनला बाथरूमला नेताना माझ्या हातून ती पडली, अशी एकेक शंका मी सोबत घेऊन यायचो आणि तशीच परत न्यायचो. शिवाय जर्मेनला माझ्याकडून मदत घेण्याची लाज वाटे. त्या वेळी ती हसत नसे. मार्लीनही रोज परत येताना आधी खिडकीतून आईला बघायची आणि मग दार उघडायची.

एका दुपारी मी क्लोव्हिसकडे गेलो. वाटेत वाक्य तीनदा म्हणून पाहिलं.

दारात मला बघून तो म्हणाला, "कोण गेलं?"

"कोणी नाही. तुझ्या झाडाच्या फांद्या... वरच्या..."

"तोडू?" त्याने मान हलवली. "मधे एक झाड नाही, अकरा आहेत. आणि आता पानं फुटल्यावर तोडल्या तर पुढच्या वसंतात रस देणार नाहीत. कुठली कुठली तोडू, सांग."

"बरं," म्हणून मी निघालो. त्याला वाईट वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो पाकाची बाटली घेऊन जर्मेनला भेटायला आला. मी तिथेच होतो.

"हा बघ," जर्मेन मला म्हणाली, "झाडांचा राजा. याच्या झाडांना धक्का लागता कामा नये. माझी पोर घर सोडून गेली तरी चालेल."

"जर्मेन, तसं नाही गं—"

"मला एक सांग. तुझ्या झाडांतला रस या उतारावरून खाली येतो, त्या उतारावरूनही येतो. नळ्याच नळ्या टांगल्यात. मग एल्डनचं ते जे काही आहे, ते का नाही येत?"

क्लोव्हिस हसणार होता. तोंड उघडून तसाच थांबला. "परत बोल," तो म्हणाला.

रसाच्या निळ्या नळ्यांना आधार म्हणून त्याने झाडाझाडांतून पोलादी तार ताणलेली आहे. माझ्या बाजूने ती खाली रस उकळायच्या खोपटापर्यंत जाते, ओढ्यावरून पलीकडे जाऊन मार्लीनच्या कुंपणाजवळ वर निघते. त्या तारेला फायबरची बारीक केबल बांधत नेली की झालं. पानं असोत नसोत.

दोन हजार फुटांचं रीळ चार दिवसांनी आलं. तोवर एकच वर्ग उरला होता. शनिवार, रविवार आम्ही तिघं बांधत होतो. क्लोव्हिस पुढे, मी मागे, मार्लीन दर अर्ध्या तासाने आईला बघून परत. "फार घट्ट आवळू नकोस," क्लोव्हिस सांगत होता, "आत काच आहे म्हणे." रविवारी चारला जोडलं. दहा मिनिटं चालवून पाहिलं. चाललं.

त्याच संध्याकाळी जर्मेनला ताप भरला. सोमवारी शेवटचा वर्ग, परीक्षेआधीची उजळणी. आईला तशी टाकून मार्लीन माझ्याकडे येणार नव्हती, आणि मीही ये म्हणालो नाही. दहा मिनिटं तपासलेल्या केबलवर तिला अडीच तास काढायचे होते.

नऊ वाजता दिवा हिरवा होता. पण आता मला कळलं होतं की तो दिवा फक्त माझ्या घराचं सांगतो. तुटलं त्या दोन्ही दिवशीही तो हिरवाच होता. मला घरात बसवेना. मी केबलच्या कडेने खाली चालत गेलो, प्रत्येक गाठ बघत.

ओढ्यापाशी तारेवर खार बसली होती. नळ्या कुरतडण्यात खारींचा हात कुणी धरणार नाही. क्लोव्हिसचा अर्धा फेब्रुवारी भोकं बुजवण्यात जातो. ती पुढच्या पंजांत केबल धरून बसली होती. मी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड खाली घातलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. एवढा मोठा आवाज माझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. खार गेली. केबलच्या आवरणावर दातांच्या चार खुणा होत्या. आत कितपत गेल्यात ते कळायला मार्ग नव्हता. हात लावावा तर लावल्यानेच तुटेल अशी भीती. मी खिशात दगड भरले आणि साडेअकरापर्यंत तिथेच उभा राहिलो. अडीच तासांत फोन वाजला नाही. पण ओढ्यापाशी फोन लागतच नाही, हे मला अकरा वाजता आठवलं.

मग मी चढ चढून गेलो. मार्लीन यंत्रासमोर बसली होती, हात मांडीवर.

"तुटलं का?" मी विचारलं.

"नाही." तिने मान वर केली. "एकदाही नाही. पोरीने सगळी यादी वाचली, औषधांची. शेवटी दोनदा 'समजलं' लिहिलं."

मी खिशातले दगड काढून तिच्या टेबलावर ठेवले.

आतून जर्मेनचा घोगरा आवाज आला, "कोण ओरडत होतं मघाशी? मला वाटलं कुणाचा खून पडला!"

"मी," मी म्हणालो.

"तू?" ती म्हणाली, आणि खोकत खोकत हसली. ताप उतरत होता.

गुरुवारी पत्र आलं. मार्लीनला डिसेंबरपर्यंतचं काम मिळालं, आता दोन वर्ग. बहिणीला तिने फोन करून सांगितलं की यंदा तरी येत नाही. क्लोव्हिसने ओढ्याजवळच्या तुकड्यावर पत्र्याची नळी चढवली आहे. बाकीची केबल उघडीच आहे, आणि या रानात खारी किती आहेत ते मी मोजायला गेलेलो नाही. तिचा पहिला वर्ग नऊला असतो. मी आठला केबलच्या कडेने निघतो, खिशात दगड घेऊन.