धोंड्याचा जावई आणि साखरेचं दार

आधी चहा घेऊन टाका. हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही.

मी अमरावतीला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आणि सासुरवाडी अकोल्याची. यंदा अधिक महिना आला तो ऐन उन्हाळ्यात. अधिक महिना म्हणजे जावयाचा धोंडा! ताटात पुरणाचे धोंडे, पाय धुणं, ओवाळणं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. आता नारायणाला कोणी ‘तुमचं चुकलं’ म्हणतं का? सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

आम्ही पोचलो तर आप्पा, म्हणजे माझे सासरे, कॉटवर आडवे. आदल्या दिवशी कुठल्याशा लग्नात जेवले आणि पहाटेपासून जुलाब. बाहेर ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी. सासूबाई मीठ-साखरेचं पाणी ढवळत होत्या.

मी हात आडवा घातला. “साखर? अहो, आप्पाले शुगर हाये ना?”

“हाये, पन मांगच्या खेपेले डॉक्टरनं…”

“डॉक्टरचं राहू द्या. शुगरच्या माणसाले साखर म्हणजे जहर.” एवढं बोलून मी गिलास मोरीत ओतून मोकळा.

तेवढ्यात माझा साळा मेडिकलमधून ओआरएसची पाकिटं घेऊन आला. मी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. ग्लुकोज! “वापस कर,” म्हटलं. त्यानं बहिणीकडे पाहिलं, माझ्या बायकोनं आईकडे पाहिलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, “जवाई म्हनतेत तं कर ना बाबू वापस.”

मग नारायणानं स्वतःच्या हातानं औषध केलं. पाणी आणि मीठ. साखर नाही म्हणून भरपाईला मीठ जरा सढळ हातानंच टाकलं.

आप्पांनी पहिला गिलास तोंडाला लावला आणि त्यांचे डोळे असे मिटले, की मला वाटलं समाधी लागली.

“कसं वाटते आप्पा?”

“लय मस्त,” आप्पा म्हणाले. धोंड्याच्या जावयाचं मन कसं मोडायचं? मी खूश होऊन दुसरा गिलास भरला. मग तिसरा. आप्पा पीत होते, उठून जात होते, येऊन पुन्हा पीत होते. दुपारपर्यंत त्यांचे गाल बसले आणि आवाज खोल गेला. सासूबाई पदराचं टोक हातात घेऊन दारात उभ्या.

मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन रमवावं. कूलरसमोर खुर्ची ओढली आणि माझा सगळ्यात आवडता विषय काढला. खरं सांगतो, दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी माझ्याच अंगावर काटा येतो.

“आप्पा, आपल्या आतड्याच्या एकेका पेशीले तेलकट पडदा असते. मीठ-साखरेले त्यातून असंच आत शिरता येत नाही. म्हणून त्या पडद्यात प्रथिनांची दारं बसवली हायेत. त्यातलं एक दार तं असं हाये, की मिठाचा कण येऊन बसला, शेजारी साखरेचा कण येऊन बसला, की ते आतल्या बाजूले उघडते. दोघाइले आत सोडते, रिकामं होते, अन् परत बाहेर तोंड करते. त्याइच्या मांगं मांगं पाणी आत जाते.”

“तिथं पाहाले कोन बसते?” आप्पांनी विचारलं.

“कोणीच नाही! ना डोळे, ना मेंदू. प्रथिनाची एक लांब माळ, घडी घालून बसलेली. तरी तिले साखर कोणती अन् मीठ कोणतं, बरोबर समजते. अन् आप्पा, जुलाबात बाकी सारं बिघडलं तरी हे दार बहुतेक चालूच राहते!”

आप्पा थक्क झाले होते. मीही झालो होतो. आपल्या पोटात, आपल्याला न विचारता, हे काम जन्मभर चालू असतं. देवळात गेल्यावर वाटावं तसं मला त्या क्षणी वाटत होतं.

“अन् मीठ एकटंच आलं तं?”

“मंग हे दार फिरत नाही.”

“अन् पानी?”

“ते बी बाहेरच.”

आप्पांनी हातातल्या गिलासाकडे पाहिलं. मग अगदी अदबीनं विचारलं, “मंग जवाईबापू, सकाळपासून माह्या पोटात हे दार कोन उघडून राहिलं?”

मी गिलास काढून घ्यायला हात पुढे केला. आप्पा उठायला गेले आणि भोवळ येऊन माझ्याच अंगावर कोसळले.

ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ कोरडे पडलेले. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो.

दवाखान्यात सलाईन लागलं. नुसतं मीठपाणी पाजल्याचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यांची साखर कोणी बंद केली?” सगळं घर छताच्या पंख्याकडे पाहू लागलं. शेवटी मीच हात वर केला.

“अहो, शुगरच्या पेशंटलाही जुलाबात ओआरएस देतात. शुगर आम्ही तपासत राहू, आधी अंगात पाणी तर जाऊ द्या! तुम्ही करता काय?”

“शिकवतो.”

“कोणता विषय?”

मी म्हटलं, “भूगोल.”

तेवढ्यात कॉटवर आप्पांनी डोळे उघडले. गालांवर थोडी तकाकी आली होती. मला रडूच फुटायचं बाकी होतं. ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, “नाई मॅडम, जीवशास्त्र. लय हुशार हायेत आमचे जवाई. त्याइनं ते दाराचं समजावून सांगतलं म्हनून वाचलो, नाई तं त्याइच्या औषधानं गेलोच होतो.”