लवकर न मरणारा मासा

मुरुडच्या बाजारात सुरमई कापताना त्या कोळणीचा कोयता अडखळत नाही, आणि भाव पाडून मागणाऱ्याला ती एसटी स्टँडपर्यंत ऐकू जाईल असं झापते. माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात मात्र पदर ओढून येते आणि कुजबुजते, "दादा, लवकर मरनार न्हाय असा दे." मी गप्पी देतो, नवख्याच्या छोट्या टाकीत तेच टिकतात. ती पिशवी टोपलीत लपवते. मासे कापणारी मासे पाळते म्हटल्यावर बाजार हसणारच.

काल तिनं पदराखालून बरणी काढली. गप्पी उताणे तरंगत होते.

"काय झालं, मावशी?"

ती खाली बघत म्हणाली, "लय उकडत व्हतं. पान्यात बर्फ घातला."

मी काही बोलायच्या आत तीच पुटपुटली, "बर्फात मासा चांगला ऱ्हातो ना..." आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.