तपासणीपुरती पुस्तकं
साड्यांच्या कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या भांडुपच्या शाळेत इंग्रजी गोष्टींची पुस्तकं अशाच गोळ्या घालून कुलपात ठेवायचे. नववीत असताना तपासणीला साहेब आले, तेव्हा ती बाहेर निघाली. आमच्या हातात एकेक देऊन बाई म्हणाल्या, “वाचतोय असं दाखवा.” मी खरंच वाचायला लागले. अडत होते, पण कळत होतं! गोष्टीतली मुलगी अंधारात कुणा अनोळखी घराचं दार ठोठावत होती. तेवढ्यात साहेब गेले आणि बाईंनी पुस्तक हिसकावून घेतलं. “बाई, एवढी गोष्ट संपवू द्या ना!” “पानं मळतील. पुढच्या तपासणीला वाच.” कुलूप लागलं. आज घरभर माझी पुस्तकं आहेत, पण ते दार कुणी उघडलं का, मला अजून माहीत नाही.