वासाचा रकाना
जळक्या वार्निशचा वास आला की माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात सुरतेजवळच्या सचिन गावात, एका कापड मिलमध्ये मी जुन्या कारागिरांचं ज्ञान कागदावर उतरवत होतो. तक्त्यात आडव्या ओळी बिघाडांच्या, उभे रकाने लक्षणांचे. लक्षण दिसेल तिथे फुली. ज्या बिघाडांच्या फुल्या तंतोतंत जुळतील ते एका गोलात, आणि गोलाला उपाय एकच. मोटार तापते, घरघरते, मंदावते: बेअरिंग सुकलं तरी हेच, आतली तार जळत असली तरी हेच. म्हणून दोन्ही एका गोलात, उपाय: ग्रीस भरा. नवागामहून सायकलवर येणारा म्हातारा खानदेशी फिटर तक्ता बघून भडकला. "साहेब, हे दोन एक कसे? वास घ्या ना! तारेवरचं वार्निश जळलं की लगेच कळतं. तार जळत असली तर ग्रीस नाही, आधी स्विच बंद." मी वासाचा रकाना आखला. मॅनेजर हसला, "वास का कोई माप होता है? निकालो." मी तो पुसून टाकला. महिन्याभरात एक नवा कामगार तक्ता वाचून जळत्या मोटारीत ग्रीस भरायला गेला आणि कोपरापर्यंत भाजला. चौकशीत मॅनेजरने लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. फिटर माझ्या टेबलापाशी येऊन एवढंच म्हणाला, "त्याने तर तुमचंच ऐकलं." त्या मॅनेजरला मी अजून शिव्या घालतो. खोडरबर मात्र माझ्या हातात होतं.